कावळ्याचे दोन मार्क

वर्गातल्या मुलामुलींना मी आवडत नाही आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. माझ्या मागं मला काय काय म्हणतात ते ठाऊक आहे. ‘खडूस’ हा त्यातला सगळ्यात मऊ शब्द. परवा सराव परीक्षेचे पेपर वाटले, तर एक मुलगी तणतणत टेबलापाशी आली. दोन वेगळ्या जातींचे जीव एकत्र येतात आणि दोघांचाही फायदा होतो, अशा नात्याचं उदाहरण द्या, असा प्रश्न होता. तिनं लिहिलं होतं, कावळा आणि बैल. कावळा बैलाच्या अंगावरचे गोचीड खातो, त्याचं पोट भरतं, बैलाचा त्रास जातो. मी लाल पेनानं अशी काट मारली होती की कागद फाटला होता.

“मॅडम, नोट्समध्ये आहे की!” ती म्हणाली.

“नोट्स चुलीत घाल,” मी म्हणाले. मार्क दिले नाहीत.

त्या नोट्स मला तोंडपाठ आहेत. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत बीडमध्ये अजून फिरताहेत, पण मूळ अक्षर आमच्या क्लासच्या सरांचं. मी त्यांच्यासमोर बसून त्या लिहून घेतल्या आहेत, आणि त्या वाचून मी जे केलं ते त्या मुलीला सांगायची माझी छाती नाही. म्हणून इथं लिहिते.

मी बारावीला होते त्या साली मृगात दोन दिवस पाऊस झाला आणि मग त्यानं जे तोंड काळं केलं ते केलंच. खरीप करपलं, रब्बीला पेरायची तिफण घराबाहेर काढली नाही. दिवाळी झाल्यावर माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, टोळीबरोबर ट्रॅक्टरनं कर्नाटकात ऊस तोडायला गेले. एरवी ते आमचीच बैलगाडी घेऊन जवळच्या कारखान्यावर जायचे, पण जवळच्या कारखान्यांकडे तोडायला ऊसच नव्हता. म्हणून बैलजोडी घरी राहिली, जोडीसाठी मी राहिले, आणि मी एकटी नको म्हणून आबा राहिले, माझे आजोबा. तसं बघितलं तर जोडी आबांच्याच हातावर वाढलेली, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ट्रॅक्टरवर चढताना दादा मला म्हणाले, “पाऊस पडंस्तोवर जोडी उभी पायजे. बाकी काई नको मला.”

माझ्या बारावीचं नावही काढलं नाही. इतका संताप आला होता मला! पण त्यांचं खरं होतं. आमच्या जोडीतला एक बैल जन्मभर उजव्या अंगाला जुंपलेला, दुसरा डाव्या. आम्ही त्यांना हाकही तशीच मारायचो, उजवा आणि डावा. बाजू बदलली तर एक पाऊल उचलायचे नाहीत. दोघांतला एक गेला तर उरलेला नुसता दावणीला बांधून ठेवायचा, आणि आमचं चार एकर कोरडवाहू पडीक राहायचं. नवी जोडी घेण्याची ऐपत आमच्या सात पिढ्यांत कुणाची नव्हती.

पौषात घरातला कडबा संपला. तेवढ्यात दूध सोसायटीनं नेकनूरच्या रस्त्याला माळावर चारा छावणी उघडली. सोसायटी सहकारी होती. म्हणजे सभासद सगळे आणि मर्जी एकट्या चेअरमनची. गेवराईकडं गोदावरीच्या काठाला चेअरमनची बागायत होती. तिथला ऊस ट्रॉलीनं छावणीत यायचा आणि तोच आमच्या जनावरांना मिळायचा. रोज ऊस, फक्त ऊस. जनावरांच्या जिभा सोलून निघाल्या, पण पोट भरत होतं. हिरव्या जाळीचं छप्पर, बांबूच्या मेढी, रांगेनं शेकड्यानं गुरं आणि प्रत्येक गुरापाशी त्याचं माणूस. कानात बिल्ला. रोज सकाळी सोसायटीचा सेक्रेटरी बिल्ले बघत फिरायचा आणि त्या वेळी जनावर जागेवर नसलं तर त्याचं नाव कायमचं कटायचं. जनावर हलवायचं नाही, हा तिथला पहिला नियम आणि शेवटचाही.

तिथं उसाच्या मोळीवर बसून मी अभ्यास केला. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेलं, आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजी अंगावर आलेलं. म्युच्युअलिझम, कमेन्सॅलिझम, पॅरासिटिझम. हे शब्द पाठ करताना माझं तोंड जनावरांच्या तोंडासारखंच सोलून निघालं. पण क्लासचे सर हुशार होते. ते म्हणाले, शब्द सोडा, चिन्हं धरा. फायदा झाला तर अधिक, तोटा झाला तर उणे, काहीच फरक पडला नाही तर शून्य. दोन जीव घ्या आणि दोघांपुढं चिन्ह लिहा, नातं आपोआप कळतं.

आणि खरंच कळायचं. छावणी म्हणजे माझं पुस्तकच झालं होतं. गाय चालली की पायाखालून नाकतोडे उडतात, बगळा ते टिपतो. बगळ्याला अधिक, गायीला शून्य. गोचीड गायीचं रक्त पितो. त्याला अधिक, तिला उणे. शेजारशेजारच्या दोन म्हशी एकाच मोळीत तोंड घालून एकमेकींना शिंगं मारतात, दोघींना उणे. माळावरच्या बाभळीवर पिवळी अमरवेल पसरलेली. वेलीला अधिक, बाभळीला उणे. चेअरमनची जीप धुरळा उडवत यायची तेव्हा मी त्याचीही चिन्हं मांडायचे. त्याचा ऊस खपतो, आमची गुरं जगतात. मी अधिक-अधिक लिहिलं. वेडी होते मी.

आता कावळा. छापील पुस्तकात गेंड्याच्या पाठीवर बसून गोचीड खाणाऱ्या आफ्रिकेतल्या कुठल्याशा पक्ष्याचं उदाहरण होतं. सर वर्गात म्हणाले, “नेकनूरला गेंडा बघितलाय का बे कुणी? आपलं उदाहरण लिहा. कावळा आणि बैल. अधिक-अधिक.” सगळा वर्ग हसला, मीही हसले. मला तर कोण अभिमान वाटला, की चला, आपला बैल पुस्तकात गेला! सरांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आज कबूल करते. पण पुढं जे झालं त्यानंतर कितीतरी वर्षं मला त्यांचं तोंड बघवलं नाही.

उजव्याच्या वशिंडापुढं, जू बसतं त्या जागी, गाडी ओढून ओढून पडलेली जुनी जखम होती. खपली धरत आली होती. छावणीतल्या गर्दीत गोचीड माजले आणि त्या खपलीच्या कडेनं ते मसुरीच्या दाण्यांसारखे टच्च फुगून बसले. मग कावळा आला. रोज सकाळी ऊन वर आलं की यायचा, उजव्याच्या पाठीवर उतरायचा आणि तिथं चोच मारायचा. आबांना नीट दिसायचं नाही, पण पंखांचा आवाज कळायचा. ते काठी आपटत उठायचे, “हाड्! हाड् मुडद्या!” असं ओरडत त्याला हाकलायचे आणि चाचपडत जखमेवर करंजाचं तेल लावायचे. एका सकाळी दहा वेळा उठायचे. माझी वाचायची लय तुटायची.

एक दिवस मी चिडले. “आबा, बसू द्या त्याला. तो गोचीड खातोय. बैलाचा फायदाच आहे त्यात.”

“कावळा कवापासून दुसऱ्याचा फायदा बघाया लागला गं?”

“पुस्तकात आहे. दोघांचा फायदा. परीक्षेत येतं हे.”

“आगं, पर त्यो जखमंवर बसतुय ना माय. मी आयकतुय की.”

“आबा, तुम्हाला काय कळतं त्यातलं?”

हे मी म्हणाले. मीच. आबांनी काठी मेढीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, “आसंल बाबा. तू शिकलेली हायेस.” त्यानंतर त्यांनी कावळ्याला हाकललं नाही. पंख वाजले की नुसतं तोंड तिकडं फिरवायचे.

सुरुवातीला मी म्हणाले तसंच झालं, हेच तर वाईट. आठवडाभरात गोचीड कमी दिसायला लागले. उजवा दोन्ही कान पाडून शांत उभा राहायचा. मी वहीत तारा काढून लिहिलं, ‘प्रत्यक्ष बघितलं’. मग सोसायटीनं पाठीवरचे पंप आणून सगळ्या गुरांवर गोचिडांचं औषध फवारलं. दोन दिवसांत छावणीतले गोचीड मेले. उजव्याच्या अंगावर एक सापडेना.

कावळा यायचा थांबला नाही.

आता ह्याच्यात न कळण्यासारखं काय होतं? गोचीड संपले, मग हा मेला रोज येऊन खातोय काय? आज मी वर्गात घसा कोरडा करून सांगते की चिन्ह कुठल्याही दोन जिवांना जन्मभर चिकटलेलं नसतं. गोचीड भरपूर असतील तोवर पक्षी गोचीड खाईल, गोचीड संपले की त्याच जागी जखम उकरून रक्त पिईल. पक्षी तोच, बैल तोच, आणि अधिकाचं उणे होतं. हे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर चाललं होतं. मी नोट्स वाचत होते.

उजवा बेचैन झाला. मान झटकायचा, खुरं आपटायचा, शेपटीचा गोंडा पाठीवर मारायचा. एकदा मान झटकताना त्यानं पाण्याची बादली उलटवली आणि माझी वही भिजली. जीवशास्त्राचा पेपर तेरा दिवसांवर. मी तणतणत उठले आणि त्याचं दावं आखूड केलं. इतकं आखूड, की त्याला मान वळवता येईना. मेढीला नाक टेकवून तो उभा राहिला आणि कावळ्याचं काम निवांत सुरू झालं. चोचीला रक्त दिसलं, तर मला वाटलं, गोचीड फुटला असेल. एक गोचीड अंगावर नव्हता, आणि मला वाटलं गोचीड फुटला असेल!

चौथ्या दिवशी आबाच म्हणाले, “वास येतुय.” मी म्हणाले ऊस आंबला असेल. ते उठले, हातानं चाचपत वशिंडापर्यंत गेले आणि त्यांची बोटं आत गेली. त्यांनी हात मागं घेतला नाही. तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, “बघ गं. काय हाय ह्ये?”

किडे पडले होते. मूठ जाईल एवढा खड्डा, आत वळवळणारे पांढरे किडे.

मी पळत सोसायटीच्या मांडवात गेले. गुरांचा डॉक्टर सोसायटीचाच होता आणि तो दर गुरुवारी यायचा. त्या दिवशी शुक्रवार. सेक्रेटरीला म्हणाले, बैलाला नेकनूरच्या दवाखान्यात न्यायचंय, टेम्पो मिळतोय, संध्याकाळपर्यंत परत आणते. तो वहीतून मान वर न काढता म्हणाला, “जनावर हाललं की बिल्ला काढून घेणार. पुन्हा जागा न्हाई.” मी म्हणाले, जागा गेली तर दोन्ही बैल काय खातील? तो म्हणाला, “मंग हालवू नको.” तेवढ्यात चेअरमन जीपमधून उतरला. मी त्याच्या पुढ्यात उभी राहिले आणि रडत सांगितलं, बैल मरायला लागलाय, डॉक्टरला फोन तरी करा.

“बैल?” तो म्हणाला. “सोसायटी दुधाची हाय बाई. गाभण म्हशी खोळंबल्यात, त्यांच्या आधी तुझा बैल कशाला बघायचा?” आणि पाणी प्यायला आत गेला. त्या दिवशी त्याच्या नावापुढचं माझं अधिक-अधिक मी खोडलं. पुढं कुठलं चिन्ह मांडावं तेही सुचेना, मी नुसत्या शिव्या लिहिल्या.

गुरुवारपर्यंत आबांनी करंजाचं तेल ओतलं, कापूर भरला, मी चिमट्यानं किडे काढले. कावळा वर मेढीवर बसलेला असायचा. मी त्याला दगड मारले, चपला मारल्या, माझ्या तोंडून निघाल्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. आबांनी काठी पुन्हा हातात घेतली होती आणि दिवसभर बैलाजवळून हलत नव्हते. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. डॉक्टर आला, जखम धुतली, इंजेक्शन टोचलं आणि म्हणाला, लई उशीर केला, उसावर जगलेल्या जनावरात ताकद राहत न्हाई. शनिवारी उजवा खाली बसला. छावणीतल्या पाच-सहा जणांनी पोटाखालून पोती घालून बांबूवर त्याला उचलला. उभा राहिला, थरथरला, पुन्हा बसला. तीनदा उचलला. तिसऱ्यांदा त्यानं पायच टेकवले नाहीत.

सोमवारी जीवशास्त्राचा पेपर. मी निघाले तेव्हा तो जिवंत होता, डोळे उघडे होते. आबा म्हणाले, “जा तू. मी हाय.” नेकनूरला केंद्रावर गेले, बाकावर बसले, पेपर उघडला. दोघांचाही फायदा होणारं नातं उदाहरणासह लिहा. मार्क दोन.

मला दुसरं उदाहरण येत होतं. वाटाण्याच्या मुळावरच्या गाठी, त्यातले जिवाणू, सगळं पाठ होतं. पण ते लिहिताना इंग्रजी शब्द चुकतात, आणि कावळ्याचं उत्तर मला झोपेतही आलं असतं. मी कावळा आणि बैल लिहिलं. आकृती काढली. बैल शांत उभा, पाठीवर कावळा, दोघांपुढं अधिकाचं चिन्ह. ते करताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही, आणि ह्याची मला आजही शिसारी येते.

परत आले तेव्हा मेढीपाशी नुसतं दावं पडलं होतं. तेच, मी आखूड केलेलं. सोसायटीच्या ट्रॅक्टरनं उजव्याला माळापलीकडं ओढून नेलं होतं आणि तिकडं कावळ्यांचा कालवा चालला होता. डावा रिकाम्या बाजूला तोंड करून हंबरत होता. सेक्रेटरी येऊन मेलेल्या बैलाचा बिल्ला घेऊन गेला.

पाडव्यानंतर माय-दादा परतले. दादांनी पाठीवरचं ओझंही उतरवलं नाही. दावणीकडं बघितलं आणि विचारलं, “उजवा कुठंय?”

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, “माज्याच्यानं झालं. मला दिसलं न्हाई. कावळ्यानं जखम उकरली आन् मला दिसलंच न्हाई.”

दादा सख्ख्या बापावर असे ओरडले की शेजारची माणसं बाहेर आली. आंधळ्याच्या भरवशावर जोडी ठेवली हीच माझी चूक, म्हणाले. आजपासून गोठ्यात पाय ठेवायचा न्हाई, म्हणाले. आबा खाली मान घालून ऐकत राहिले. मी दारात उभी होते. मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं फक्त. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. पुढं डावा विकला, रान दुसऱ्याला कसायला दिलं, आणि जन्मभर गुरांत वावरलेला तो माणूस मरेपर्यंत ओसरीच्या खांबाला टेकून बसला. गोठ्याकडं गेला नाही.

निकाल लागला तेव्हा जीवशास्त्रात मी कॉलेजात पहिली होते. पेढा घेऊन ओसरीवर गेले. आबांनी हात पुढं केला, पेढा हातातच धरून ठेवला आणि हळू आवाजात, घरात कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, “त्यो कावळ्याचा सवाल आलता का गं?”

“आला होता.”

“बराबर लिव्हलास न्हवं?”

“हो आबा. पूर्ण मार्क पडले.”

“मंग झालं,” आबा म्हणाले, आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला.